सही कोणाची: ठाण्यातल्या एका नोकरीबदलाचं प्रकरण

हे प्रकरण लिहायला तिची परवानगी आहे. नाव घालायचं नाही, बँकेचं तर नाहीच, एवढीच अट. म्हणून इथे ती नुसती 'ताई'. आमच्याच चरईत राहते. जानेवारी २०२५ मध्ये माझ्याकडे आली तेव्हा वय ३९, शिक्षण बी. कॉम., २०११ पासून एका खासगी बँकेत गृहकर्ज विभागात. ऑफिस वाशीला, म्हणजे रोज ठाणे स्टेशनचा नऊ-दहा नंबरचा फलाट आणि ट्रान्स हार्बरचा अर्धा तास. नवरा महाप्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला, मुलगी आठवीत, सासूबाई सोबत.

माझी पार्श्वभूमी सांगायला हवी, कारण या प्रकरणात माझ्याही चुका आहेत. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात मी ३१ वर्षं काढली. कारखाना गेला, जागेवर आता टॉवर आहे. निवृत्तीनंतर आळीतली मुलं पगारपत्रकं, ग्रॅच्युइटी, नोटीस पिरियड असलं काहीबाही घेऊन रविवारी येतात. चहा होतो, माझाही वेळ जातो.

ताईने बसल्या बसल्या विचारलं, "काका, वकील व्हायचं म्हणतेय. नोकरी सोडू का?"

मी तोंडाने "बघू" म्हटलं, पण मनात "नाही" हे उत्तर आधीच तयार होतं. त्याचं कारण तिच्यात नव्हतं. कारखान्याने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) आणली तेव्हा पंचेचाळिशीच्या लोकांचे हिशोब मीच करून दिले होते. त्यांतल्या कोणी रिक्षा घेतली, कोणी झेरॉक्सचं दुकान टाकलं, एकाने भावाच्या भरवशावर गावी कोंबड्या पाळल्या. दोन वर्षांनी त्यांतले काही माझ्या घरी आले ते सिक्युरिटीत चिकटवता का विचारायला. ते चेहरे डोळ्यांसमोर असताना मी तिला सल्ला देत होतो. फरक लक्षात यायला मला महिना लागला. त्यांना कारखान्याने बाहेर काढलं होतं. हिला कोणीच काढत नव्हतं, आणि तिच्याजवळ वेळ होता.

ही हौस कुठून आली, ते आधी विचारलं. घाईत असलेले लोक या प्रश्नाचं उत्तर "आवड आहे" असं देतात, आणि ते ऐकलं की मी दुसरा चहा टाकत नाही. तिचं उत्तर लांबलचक होतं. गृहकर्जाची फाइल आली की पॅनेलवरचे, म्हणजे बँकेच्या यादीतले, वकील जागेच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासून (हा सर्च) मालकीबद्दलचा टायटल रिपोर्ट देतात. ताई तो रिपोर्ट कागदांशी ताडून पाहते. करारांची साखळी जुळते का, इंडेक्स टूमधलं, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यातलं, क्षेत्रफळ करारातल्याशी मिळतं का, ओसी (इमारतीचा भोगवटा दाखला) खरी आहे का, मधल्या एखाद्या मालकाच्या वारसांची सही राहून गेली आहे का. १४ वर्षांत तिने वकिलांच्या पुष्कळ चुका पकडल्या. एकदा वारसांपैकी एका बहिणीचं नावच साखळीतून गळलेलं तिच्या लक्षात आलं. वकिलांनी रिपोर्ट दुरुस्त करून पाठवला, खाली पुन्हा त्यांचीच सही.

"मी चौदा वर्षं दुसऱ्याची सही तपासतेय," ती म्हणाली.

दुसरी गोष्ट सोसायटीची. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर केलीच नव्हती. ठाण्यात ही कहाणी इतकी घरोघरची आहे की कोणाला तिचं काही वाटेनासं झालंय. ताई सेक्रेटरी होती. १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीच्या, कायद्यात कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे, म्हणजे बिल्डर आला नाही तरी जिल्हा उपनिबंधकाकडे नमुना ७ मध्ये अर्ज करून सोसायटी हक्क मिळवू शकते. सोसायटीने नेमलेल्या सल्लागाराने पैसे घेतले आणि फोन उचलणं सोडलं. तेव्हा ताईने स्वतः कागद जमवले आणि सुनावणीला सोसायटीची पदाधिकारी म्हणून स्वतः उभी राहिली. बिल्डरच्या वकिलाने मंजूर नकाशातल्या एका दुरुस्तीचा मुद्दा काढला, तर तिने ओसीसोबतचा नकाशा पुढे केला. आदेश सोसायटीच्या बाजूने झाला. पुढे मुद्रांक, दुय्यम निबंधकाकडची नोंदणी, मिळकत पत्रिकेवर नाव, हे सगळं दीड वर्ष चाललं, आणि तेही तिनेच ओढलं. सांगताना तिचा आवाज बदलला होता. माणूस नोकरीला कंटाळून पळतोय की कशाकडे तरी निघालाय, हे मला बोलण्यातल्या तपशिलावरून कळतं. पळणारा साहेबाबद्दल बोलतो. ती नकाशाबद्दल बोलत होती.

तरीही मी कागद-पेन्सिल काढली.

पगार एकूण १ लाख २ हजार, त्यात बेसिक ३४ हजार, हातात ९१ हजार. नवऱ्याचे हातात ६४ हजार. घराच्या कर्जाचे २१ लाख बाकी, व्याज साडेआठ टक्के, हप्ता ३१ हजार, म्हणजे अजून पावणेआठ वर्षं. घरखर्च ४२ हजार, मुलीची शाळा आणि क्लास ११ हजार, सासूबाईंची औषधं-तपासण्या ७ हजार, विम्याचे हप्ते महिन्यावर पसरले तर १२ हजार. बेरीज १ लाख ३ हजार. म्हणजे दोघांच्या पगारातून महिना ५२ हजार उरायला हवेत.

"उरतात?" मी विचारलं.

तिने पासबुक दाखवलं. गेल्या वर्षभरात महिन्याला सरासरी २० हजारही शिल्लक पडली नव्हती. बाकीचे ३२ हजार कुठे गेले, हे शोधायला आम्हाला पुढचे दोन रविवार लागले. गावच्या घराचं छप्पर, दिराच्या मुलीचं लग्न, एक फ्रिज, बाहेरून मागवलेलं जेवण आणि "असंच". तेव्हा करिअरबदलाचा पहिला हिशोब झाला तो वकिलीचा नव्हताच, घरातल्या गळतीचा होता. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर घर चालवायचं तर महिन्याला ३९ हजारांचा खड्डा, वर्षाला ४ लाख ६८ हजार.

आणि वकिलीची पहिली वर्षं काय देतात? तिने तिच्या ओळखीच्या एका वकीलबाईंना विचारलं होतं. ठाण्यात दिवाणी काम करतात, वय पन्नासच्या पुढे. त्या स्पष्ट म्हणाल्या, "पहिलं वर्षभर तुला प्रवासखर्च सुटेल एवढे देईन. पुढे तू काय आणशील त्यावर." बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेने, ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरांतल्या ज्युनियरना महिना किमान २० हजार द्यावेत असं सुचवलंय. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. परिपत्रकाचा विषय काढल्यावर वकीलबाई हसल्या म्हणे.

ताईचा मनातला बेत वेगळाच होता. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली की बँकांच्या पॅनेलवर जायचं, सर्च रिपोर्ट करायचे. काम येतच होतं. मी विचारलं, पॅनेलवर घेताना तुमची बँक काय मागते? ती गप्प झाली. काही वर्षांची वकिली मागतात. ते अर्ज तिच्याच टेबलावरून जात होते, तरी स्वतःच्या हिशोबात तिने ती अट धरली नव्हती. आपल्याला हवं असलेलं काम आपल्याच नियमांतून सूट मागतं, हे मी पर्सोनेलमध्ये असंख्य वेळा पाहिलंय. मीही केलंय.

इथवर आल्यावर हल्ली ऐकू येणारा सल्ला म्हणजे "नोकरी सांभाळून बाजूला सुरू कर". बेकरी, योगवर्ग, शेअर बाजार, सगळ्याला हा सल्ला चालतो. वकिलीला चालत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरीत असलेल्या माणसाला वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे, क्रमांक ४९. सनद घेतल्यावर नोकरी धरली तर तसं कळवून सनद स्थगित करावी लागते. दोन्ही डगरींवर हात ठेवायची सोयच नाही. मला वाटलं, संपलं प्रकरण.

ताईने हा नियम माझ्याआधी वाचला होता. ती म्हणाली, "काका, पण नियम सनदेला आहे. शिकायला नाही."

या वाक्याने माझी विचार करायची पद्धत बदलली. मी "सोडू की नको" असा एकच प्रश्न धरून बसलो होतो. खरं तर तिथे तीन दारं होती आणि प्रत्येक दार मागे किती घट्ट बंद होतं ते वेगवेगळं होतं. पहिलं दार कायद्याच्या पदवीच्या, म्हणजे एलएल. बी.च्या, प्रवेशाचं. पदवी आहे, खुल्या गटाला लागणारे ४५ टक्के गुण आहेत, मे महिन्यात राज्याची सीईटी, तिला वयाची अट नाही, मग तीन वर्षं, सहा सत्रं. या दारातून आत जाऊन परत फिरलं तर फी आणि झोप जाईल, नोकरी नाही. दुसरं दार राजीनामा आणि सनदेचं, तेही २०२८ मध्ये. ते मागे जवळजवळ बंदच होतं, कारण सनद स्थगित ठेवता येते पण बेचाळीस-त्रेचाळिसाव्या वर्षी तीच बँक त्याच ग्रेडवर परत घेत नाही. तिसरं दार पॅनेलचं, आणखी काही वर्षांनी. ते तिच्या हातात नव्हतंच. सनदेची फी वगैरे गोष्टी यात किरकोळ. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालाने नावनोंदणीची फी खुल्या गटाला ७५० रुपयांवर आणून ठेवली आहे. अखिल भारतीय बार परीक्षेत बेअर अ‍ॅक्ट (कायद्याची टीपांशिवायची पुस्तकं) समोर ठेवून उत्तरं लिहिता येतात. अडेल असं वाटलेलं तिथे अडत नव्हतं.

अडत होतं ते हजेरीत. कायद्याच्या शिक्षणाचे नियम ७० टक्के हजेरी मागतात. शिवाय सप्टेंबर २०२४ च्या बार कौन्सिलच्या परिपत्रकाप्रमाणे नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याने तसं जाहीर करायचं आणि मालकाचं ना-हरकत पत्र द्यायचं. सकाळची बॅच संपवून वाशी गाठायची तर ऑफिसात अकरा वाजणार. तेव्हाच्या मॅनेजरने अकरा ते साडेसात अशी वेळ लेखी दिली. लेखी घे, असं मीच बजावलं होतं. त्या पत्राच्या शेवटच्या ओळीत "कामाच्या गरजेनुसार बदलास अधीन" असं होतं, आणि ती ओळ मी वाचूनही सोडून दिली.

आता कोर्टाचं. मी म्हटलं, जिथे आयुष्य काढायचंय तिथे एकदा बसून तर ये. कोर्ट नाका तिच्या घरापासून चालत जाण्यासारखा. पण गंमत अशी की दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी आणि त्याच शनिवारी कोर्टालाही. नोकरदार माणसाला कोर्ट पाहायचं तर रजाच टाकावी लागते. फेब्रुवारी ते एप्रिल तिने चार कॅज्युअल लीव्ह जाळल्या आणि त्या वकीलबाईंच्या मागे वही घेऊन फिरली.

त्या वहीची पानं मी पाहिली आहेत. या प्रकरणातला सगळ्यांत उपयोगी दस्तऐवज तोच. पहिल्या दिवशी बाईंची बोर्डावर पाच प्रकरणं. एकात समोरच्या वकिलांनी वेळ मागितली. एकात साक्षीदार आला नाही. एकात पुकारा झाला तेव्हा बाई दुसऱ्या मजल्यावरच्या कोर्टात होत्या, म्हणून ज्युनियर धावला. एक जेवणाच्या सुट्टीनंतर ठेवलं आणि साडेचारला तारीख पडली. पाचव्यात खरोखर उलटतपासणी झाली. ताईने घड्याळ लावून लिहिलंय, अकरा ते पाच या वेळात बाई न्यायाधीशांसमोर एकूण २२ मिनिटं बोलल्या. खाली एक ओळ, "बाकी वेळ उभं राहणे." दुसऱ्या दिवशीच्या पानावर वकिलांच्या गुडघेदुखीबद्दल एक अख्खा परिच्छेद आहे.

मला वाटलं हे पाहून हौस फिटेल. उलट तिने तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, "खरं काम सहानंतर." कोर्ट सुटल्यावर बाईंच्या ऑफिसात पक्षकार येतात, कैफियती लिहिल्या जातात, जुने कागद उलगडले जातात. त्या संध्याकाळी एका वाटपाच्या दाव्याचे कागद टेबलावर पसरले होते. एका फेरफाराचा क्रमांक लागत नव्हता आणि तो ताईने शोधून दिला. रात्री साडेनऊला घरी आली. म्हणजे तिला आवडणारं काम होतं, पण ते संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत होतं. आणि तीन वर्षांनी मुलगी अकरावी-बारावीत असणार होती.

घरातल्यांशी बोलणं माझ्या समोरच झालं, एप्रिलमधल्या एका रविवारी. सासूबाई विरोध करतील अशी सगळ्यांची खात्री होती. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "रात्री किती वाजता येशील?" ताई म्हणाली, साडेनऊ. त्या म्हणाल्या, "मग पोळ्यांना बाई लावा. माझ्याच्याने दोन्ही वेळा होणार नाही." विषय संपला. आम्ही पुरुष मंडळी ज्याला घराण्याचा पाठिंबा वगैरे म्हणतो तो पोळ्यांच्या बाईच्या पगारात मोजता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. हिशोबात ३ हजार वाढले.

नवरा बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "काका, तुम्ही माझे चौसष्ट हजार धरलेत ते कायमचे धरलेत." त्याच्या कंपनीत दोन लाइन बंद झाल्या होत्या. मेंटेनन्सचं काम हळूहळू कंत्राटावर जात होतं. त्याने हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. माझ्या अख्ख्या तक्त्यात एक आकडा पक्का होता आणि नेमका तोच कच्चा निघाला. ३१ वर्षं पर्सोनेलमध्ये काढलेल्या माणसाने नवऱ्याच्या नोकरीची चौकशी करू नये, ही चूक माझीच.

मग आणखी एक गोष्ट वर आली. सासूबाई ७१ वर्षांच्या, मधुमेही, आणि त्यांचा मेडिक्लेम ताईच्या बँकेच्या ग्रूप पॉलिसीत होता. राजीनाम्याच्या दिवशी तो जाणार. नवी पॉलिसी काढली तर आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो, आता जास्तीत जास्त तीन वर्षं. तीन वर्षं! शिक्षणही तेवढंच. म्हणजे आजच वेगळी पॉलिसी घेतली तर प्रतीक्षा बँकेच्या छत्राखाली संपेल आणि २०२८ ला ताई मोकळी होईल. हप्ता वर्षाला ४८ हजार बसला, महिन्याला ४. नवऱ्याने तो त्याच आठवड्यात भरला. मला वाटतं, बोलून न दाखवलेला त्याचा होकार तोच असावा.

मे महिन्यात सीईटी झाली. जून ते ऑगस्ट आम्ही एक प्रयोग केला. ताईचा पगार आला की त्यातले ३१ हजार हप्त्याला ठेवून उरलेला वेगळ्या खात्यात टाकायचा, आणि हप्ता धरून घर ९० हजारांत चालवायचं. जूनमध्ये १ लाख ८ हजार लागले, शाळा सुरू झाली होती. जुलैमध्ये ८८ हजार. ऑगस्टमध्ये १ लाख १७ हजार, कारण २७ तारखेला गणपती होते आणि तिच्या सासरी गौरी-गणपती म्हणजे आल्यागेल्यांची तीस पानं. वर्षातले दोन सर्वांत खर्चाचे महिने आम्ही प्रयोगाला निवडले होते. ताई निराश झाली, मी नाही झालो. जुलै सांगत होता की घर ८८ मध्ये चालतं. जून-ऑगस्ट सांगत होते की सणांची आणि शाळेची रक्कम आधीच बाजूला काढावी लागेल. सगळं मिसळून महिन्याला ३५ हजारांचा खड्डा धरायचं ठरलं. वकिलीच्या पहिल्या दोन वर्षांचे ८ लाख ४० हजार.

या टप्प्यावर मी एक मधला रस्ता सुचवला आणि मला तो फार हुशारीचा वाटत होता. एलएल. बी. कर, पण बँक सोडू नकोस. त्याच बँकेच्या लीगल विभागात बदली माग. पगार राहील, मेडिक्लेम राहील, काम कायद्याचं. सनदेची गरजच नाही.

ती "हो" म्हणाली, पण कशी, तर मुलीला पाहायला आलेलं स्थळ वाईट नाही म्हटल्यावर मुलगी म्हणते तशी. मी विचारलं, काय खटकतंय? लीगल विभागात काय करतात ते तिला ठाऊक होतं. पॅनेलच्या वकिलांनी दिलेले रिपोर्ट तपासतात. म्हणजे पुन्हा तेच, एक मजला वर. तरी तिने तो रस्ता खोडला नाही. नवऱ्याची नोकरी गेली तर तो वापरायचा, असं तिनेच म्हटलं. मी सुचवलेला बेत त्यामुळे मुख्य बेतातून आकस्मिक बेतात गेला. आणि तिथेच तो शोभतो, असं आज वाटतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये प्रवेश मिळाला. त्याआधी आम्ही एक कागद केला. स्टँपपेपर नाही, मुलीच्या वहीचं पान. त्यावर ताईच्या अक्षरात असं आहे: मे २०२८ पर्यंत वेगळ्या ठेवीत १० लाख जमले नाहीत तर राजीनामा एक वर्ष पुढे. ग्रॅच्युइटी या १० लाखांत धरायची नाही, ती कर्जात भरायची (तेव्हा २१ लाखांचे साधारण १३ लाख ६० हजार राहिलेले असतील). पीएफ काढायचा नाही. पेन्शन योजनेची दहा वर्षं पूर्ण झालीत, तेव्हा तो हक्क अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत तसाच ठेवायचा. नवऱ्याची नोकरी गेली तर लीगल विभाग. कोणत्याही सत्रात हजेरी कमी पडली तर नोकरीत बदल करायचा, कॉलेजमध्ये खोटी सही नाही. हे शेवटचं कलम तिने आपणहून घातलं. मी म्हटलं, खोट्या सहीचं कशाला लिहायचं? ती म्हणाली, "तीच तर सवय लागते, काका."

१० लाखांसाठी महिन्याला २८ हजार. पोळ्यांची बाई आणि मेडिक्लेम धरूनही कागदावर ते बसत होतं.

कागदावरच्या गोष्टी दिवाळीपर्यंत टिकल्या. नोव्हेंबरात मॅनेजर बदलले. नव्या साहेबांनी अकराची वेळ बंद केली, "कामाच्या गरजेनुसार". पावणेदहाला हजर राहायचं. त्या आठवड्यात ताई माझ्याकडे आली नाही. मला फोनही केला नाही. नंतर कळलं की तिने एचआरला एक पत्र लिहिलं, जुनं पत्र जोडलं, आणि ठाण्यातल्या एखाद्या शाखेत बदली मागितली. प्रोसेसिंग हबमधून (वाशीच्या ऑफिसातून) शाखेत जाणं म्हणजे खालच्या पायरीवर उतरण्यासारखं. हबचा भत्ता गेला, वार्षिक रेटिंग गेलं, आणि काउंटरवर लोकांना फॉर्म भरायला मदत करणं आलं. हातात ६ हजार कमी. पण शाखा गोखले रोडच्या बाजूला, कॉलेजमधून दहाला निघून सव्वादहाला पोचता येतं, आणि शाखेच्या मॅनेजरबाईंनी पंधरा मिनिटांची सवलत तोंडी दिली. तोंडीच. लेखी पत्राचं काय होतं ते आम्ही पाहिलंच होतं.

२८ हजारांची ठेव २२ वर आली. या वेगाने १० लाखांना ३६ ऐवजी पंचेचाळीस महिने लागतात. तिला हे माहीत आहे. पहिल्या सत्रात तिची हजेरी ७४ टक्के भरली.

फेब्रुवारीत ती परत आली, या वेळी फाइल घेऊन. मला म्हणाली, तुमचा ग्रॅच्युइटीचा हिशोब काढा. मी काढला. बेसिक ३४ हजार, भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाचे १९ हजार ६१५. बेसिक तेवढंच धरून १७ वर्षांचे ३ लाख ३३ हजार. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा मला झोपेत पाठ आहे.

"तो कायदा आता नाही, काका," ती म्हणाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, तिच्यात वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम वेतनातच धरायची. मी कायम बेसिकवर थांबत आलो, कारण आमच्या वेळी तिथेच थांबायचं असे. तिने जुनं पगारपत्रक आणि नवं पगारपत्रक शेजारी ठेवलं, भत्त्यांखाली पेन्सिलने रेघ मारली. हबच्या वेळचे १ लाख २ हजार धरले तर निम्मे ५१ हजार. वर्षाचे २९ हजार ४२३. सतरा वर्षांचे ५ लाख.

"बँक असं मानेल?" मी विचारलं.

"आधी विचारून बघते. पत्राचा मसुदा केलाय. तुम्ही वाचा ना जरा, सही माझी आहे."

मी चष्मा शोधायला उठलो.